शंकेचं पाठांतर

आमच्या शाळेत शंका कशी घ्यावी हे पाठ करून घेतलं जाई. चुकलं की छडी बसे.

गाव मन्नाएखेळ्ळीच्या पलीकडं, आडबाजूला. राज्य निजामाचं, म्हणून शाळा उर्दूत. घरात कुणी मराठी बोले, कुणी कानडी, आणि भांडण पेटलं की दोन्ही. मास्तर गुलबर्ग्याहून आलेले, तरणे, काडीसारखे. ते प्रत्येक गोष्ट आधी उर्दूत सांगत, मग मराठीत, मग उरलेल्यांसाठी कानडीत. त्यामुळे आमच्याकडं एकदा शिकवलेलं तीनदा खरं ठरायचं.

मास्तरांना एकच वेड होतं. माणसानं कानावर आलेलं तसंच गिळू नये. त्यांनी शाळेच्या भिंतीवर गेरूनं तीन सवाल लिहून ठेवले होते: हे कोणी सांगितलं? त्यानं स्वतः पाहिलं का? सांगण्यात त्याचा काय फायदा? पाढे झाले की आम्ही हे सवाल एका सुरात म्हणायचो. मी ते घरीही घोकायचो, आई भाकरी थापायची आणि धाकटी बहीण माझ्या मांडीवर डुलक्या घ्यायची. प्रत्यक्षात कुणाला विचारायचं धाडस मात्र नव्हतं. एकानं बापाला विचारलं, "तुमी सोता बघितलाव का?" आणि त्याचा गाल संध्याकाळपर्यंत लाल होता. तेव्हापासून आम्ही सवाल पाटी-पेन्सिलीबरोबर शाळेतच ठेवून यायचो.

गावाची एक रीत होती. दिवेलागणीला बसवण्णाच्या कट्ट्यावर मोठी माणसं बसत आणि पोरांना विचारत, "आज साळंत काय सांगितले रे?" कोर्टकचेरीचे कागद उर्दूत, शाळाही उर्दूत, तेव्हा शाळेतून आलेलं म्हणजे जवळजवळ सरकारी फर्मानच. बाजारात ऐकलेलं लोक पारखून घेत. गाणगापूरहून आलेल्याच्या गोष्टीतलं निम्मं घेत. शाळेतलं तेवढं सगळं घेत.

त्या वर्षी रेल्वेकडच्या गावांत उंदीर पडायला लागले होते. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आमच्याकडं सरकत होता आणि लस टोचणारा सरकारी सुईवाला येणार अशी वर्दी आली होती. मास्तरांना वाटलं, उदाहरणाला हीच वेळ बरी. वर्गात म्हणाले, "समजा, कुणी तुम्हाला सांगितलं की सुई टोचली की तिसऱ्या दिवशी माणूस मरतो. तर काय कराल?" आम्ही भिंतीकडं बघून तिन्ही सवाल खणखणीत म्हटले. मास्तर खूश झाले.

दोन-तीन दिवसांनी आईनं बहिणीला पोटाशी धरून सांगितलं, "सुई टोचली की तिसऱ्या दिवशी माणूस ऱ्हात न्हाई म्हणं. मी पोरीला देणार न्हाई."

"कोण म्हणलं?"

"समदं गाव म्हणायलंय."

माझ्या आधीचा एक भाऊ गाठीच्या तापानं गेला होता. त्यामुळं आईला तापाची भीती होती आणि आता सुईचीही. मला बहिणीची काळजी वाटत होती. ती चार वर्षांची होती आणि माझ्याशिवाय जेवायची नाही.

मी शाळेत हे सांगितलं तेव्हा मास्तरांचे डोळे चमकले. इतका ताजा धडा कुठल्या पुस्तकात मिळणार! त्यांनी आम्हाला बातमीचा माग काढायला पिटाळलं. मी आईपासून सुरुवात केली. आईनं शेजारच्या अक्काचं नाव सांगितलं, अक्कानं दुकानदार अप्पाचं, अप्पानं पाटलांचं. पाटील कट्ट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"अरं, तुमचा मास्तरच म्हणला की! तुमच्या मानिटरानं हितंच उभा ऱ्हावून सांगितलंय. कामून, खोटं हाय व्हय?"

आम्ही माग काढत परत शाळेच्या दारात आलो. मास्तरांनी वर्गाच्या मानिटरला पुढं बोलावलं. मानिटर म्हणाला, "मी तर तुमचंच सांगितलो, मास्तर." आणि ते खरंच होतं.

मास्तर तसेच कट्ट्यावर गेले आणि म्हणाले, ते नुसतं उदाहरण होतं. पाटील शांतपणे म्हणाले, "परवा एक सांगितलाव, आज एक सांगायलाव. आमी कोणतं धरावं? तुमी सोता सुई घेतलाव का?"

मास्तरांनी घेतली नव्हती. बाभळीचा काटा काढायचा तरी डोळे मिटून घेणारा माणूस तो.

सुईवाला आला, लिंबाखाली बसला, आणि त्याच्यासमोर एक मास्तर सोडून कुणी आलं नाही. उर्दूचे मास्तर, मराठी समजावणारे मास्तर, सुई टोचल्यावर ओरडले ते कानडीत: "अव्वा!" रात्रीतून ताप भरला, दंड सुजला. झालं! गाव म्हणालं, बघा, आमी म्हणलो न्हाई का. बाया सूप आणि तूर घेऊन मास्तरांच्या खोलीसमोर निवडायला येऊन बसल्या. सुईवाल्यालाही पाटलांकडची भाकरी गोड लागली, तो मुक्कामाला राहिला. स्वतः पाहायची गावाला इतकी हौस मी पुन्हा कधी बघितली नाही.

तिसऱ्या दिवशी मास्तर बाहेर आले आणि आंघोळीला पाणी मागू लागले. काहींचा तर चक्क हिरमोड झाला.

आई बहिणीला कडेवर घेऊन पुढं झाली. तिला अक्षर येत नव्हतं, पण माझ्या घोकण्यानं सवाल तिलाही पाठ झाले होते, आणि तिला बापाच्या थपडेची भीती नव्हती.

"मास्तर, सुई घेतल्यावर माणूस जगतंय, हे कोण सांगायलंय?"

"मीच."

"सोता बघितलाव?"

मास्तरांनी सुजलेला दंड पुढं केला.

"मंग ह्यात तुमचा काय फायदा?"

हा सवाल मास्तरांना आजवर कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, "पोरं ऱ्हायली तर साळा ऱ्हाईल, अक्का."

आईनं बहिणीची बाही वर केली.

पुढच्या महिन्यात आमच्या घरात उंदीर पडले. आम्ही शेतात खोपी घालून राहिलो, गल्लीतली काही माणसं परत आली नाहीत. बहीण परत आली. आता ती नातवंडांची आजी आहे आणि त्यांना सांगते, "आमच्या मास्तरानं मला सुई टोचली, म्हणून मी हाय." टोचली होती सुईवाल्यानं, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण तिला तसं सांगायला मी जात नाही.