संडास किती लांब

२०११ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. त्या वर्षी पोरानं मला सहाव्या मजल्यावर नेऊन एक संडास दाखवला. तो म्हणत होता, फ्लॅट दाखवतोय. मला मात्र आत शिरल्यापासून संडासच दिसत होता.

मी मूळचा वैजापूरकडचा. निजामाच्या राज्यात दोन इयत्ता उर्दूत शिकलो, मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं आणि माझी शाळाही गेली. पण स्वच्छता कळायला शाळा लागत नाही. गावात आम्ही डबा घेऊन शिवारात लांब जायचो, मातीनं हात घासायचो, पाय धुऊन मगच उंबरा ओलांडायचो. घरात ती घाण करायची, हे कुणाच्या डोक्यातसुद्धा यायचं नाही.

लग्नानंतर औरंगाबादेत लाकडाच्या वखारीत लागलो. घर बघायला निघालो तेव्हा दोनच गोष्टी विचारायचो. आडाला पाणी आहे का, आणि संडास किती लांब. वखारीजवळ एक घर होतं, दगडी, मजबूत. पण चुलीमागच्या भिंतीला लागूनच संडास, आणि भिंतीला ओल. मालक म्हणाला, "चुना मारला की झालं." मी त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यालो नाही. हर्सूलकडं दोन खोल्या घेतल्या, लांब चालावं लागलं तरी.

पोरी मोठ्या व्हायला लागल्या तशी बायकोची मागणी बदलली. परसातल्या संडासाला दाराच्या जागी गोणपाट, आणि शेजारची टोळकी समोरच्या ओट्यावर बसलेली. "पोरी सकाळपासून धरून बसतात," ती म्हणाली. "मला आता आडबीड नको. कडी लागणारं दार पाहिजे, आणि शाळा जवळ पाहिजे." मग नव्या वसाहतीत घर घेतलं. नळ, समोर शाळा, परसाच्या टोकाला संडास, त्याला लोखंडी दार. पोरींची लग्नं तिथंच झाली, पोरगा इंजिनियर झाला. माझ्या मते घर असावं तर असं.

मग बायकोचे गुडघे गेले. परसात उतरायला पायऱ्या, आत उकिडवं बसायचं. उठवायला सून लागायची. पोरगा मागं लागला, हे घर विकू, लिफ्टवालं घेऊ, गाडीलाही जागा होईल. गिऱ्हाईक तयार होतं. घर माझ्या नावावर, मी व्हय म्हटल्याशिवाय काही हलत नव्हतं. म्हणून चौघं तिथं गेलो.

टाय घातलेला एक बिल्डरचा माणूस पुढं पुढं करत होता. "काका, ही मोठी बेडरूम. टॉयलेट अटॅच्ड!" असं म्हणून त्यानं पेढे वाटावेत तसं दार उघडलं.

"झोपायचं इथं आणि हागायचं बी इथंच?"

"आता सगळीकडं असंच असतं, काका."

"डुक्कर बी झोपायची जागा सोडून घाण करतंय."

"आबा, हळू बोला," पोरगा म्हणाला.

आत ते पांढरं भांडं. आज त्यावर पाहुणा बसणार, उद्या व्याही, आणि मी त्यांच्या उबेवर बसायचं! माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. "देव कुठं ठेवायचे?" मी विचारलं. टायवाल्यानं त्याच संडासाच्या भिंतीच्या पलीकडची फळी दाखवली. मी गॅलरीत गेलो आणि पोराला सांगितलं, "हे घर मी घेत नाय. आईला बोलव, निघू."

"आई आत गेल्यात," सून म्हणाली.

आतून पाणी सोडल्याचा आवाज आला. सून पदर खोचून धावली, तेवढ्यात दार उघडलं. बायको भिंतीला धरून उभी होती.

"तू नको येऊस," ती सुनेला म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "अहो, उठले मी. माझी मी."

"चल खाली. वास येतोय इथं."

"येऊ दे की. रोज सुनेच्या गळ्यात हात टाकून उठते, ती माझं लुगडं सावरते. त्याचा नाय आला कधी वास तुम्हाला?"

टायवाला खिडकीबाहेर बघायला लागला. मला लई राग आला, मी तसाच लिफ्टकडं चालू लागलो.

संध्याकाळी सुनेनं चहा आणला. बायकोनं कप नेहमीसारखा बाजूला सरकवला. तिला चहा बाधतो, असं मी इतके दिवस समजत होतो; ती परसातली फेरी टाळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा उठायच्या आत मी रिक्षानं तिथं गेलो. टायवाला कुलूप काढत होता. "घर घेतो," म्हणालो. "ही खोली तिची. माझी खाट गॅलरीत. देवाची फळी दुसऱ्या भिंतीवर. आणि भांड्याशेजारी धरायला लोखंडी दांडी ठोकून द्यायची."

"दांडी किती उंचीवर, काका?"

मी कपड्यांसकट त्या भांड्यावर बसलो. हात पोचला तिथून चार बोटं खाली पेन्सिलीनं खूण केली, कारण बायको माझ्या खांद्याला लागते. मग खाली येऊन नळावर मातीनं हात घासले आणि गेटाबाहेर जाऊन थुंकलो.