साहेबांची कॉफी आणि हलणारा बबल

बबल काही केल्या वर्तुळात थांबेना.

मी भूकरमापक. म्हणजे भावाभावांतला बांध नेमका कुठे, ते मोजून सांगणारा माणूस. हल्ली त्यासाठी रोव्हर असतो. उंच दांडा, वर अँटेना आणि दांड्याला काचेत एक बुडबुडा. तोच बबल. तो वर्तुळात बसला तर दांडा सरळ. दांडा कलला की हद्द सरकते, आणि हद्द सरकली की डोकी फुटतात.

तेलगावजवळ दोन भावांच्या रानात शेवटची खूण राहिली होती. माझा हात थरथरत होता, छाती धडधडत होती.

"साहेबाचा हात कावून कापायलाय?" धाकटा महादेव म्हणाला. "अण्णानं पाकीट दिलेलं दिसतंय. आपल्याला मोजणी मान्य न्हाई!"

"तूच कायतरी घातलं असशील कॉफीत, बे!" थोरले विश्वनाथअण्णा उसळले.

खरं तर मलाही तीच शंका. सकाळी अण्णांकडे चहा पुढे आला, तेव्हा मी ऐटीत म्हणालो होतो, "मी कॉफी घेतो." घरी मी चहाच पितो, पण साहेबाला कॉफी शोभते. मग महादेवकडेही घ्यावी लागली. एकाकडे प्यालो अन् दुसऱ्याकडे नाही, तर मोजणीआधीच मी फितूर! त्याच्या बायकोनं जावेपेक्षा कडक केली.

बाजूला जाऊन बी.फार्म करणाऱ्या लेकीला फोन लावला. "मला काहीतरी पाजलंय गं."

"कॉफी प्यालात?"

"दोन्ही घरची."

"पप्पा, मावशीच्या लग्नात अर्धा कप घेऊन रात्रभर पंख्याकडे बघत होतात! चहापेक्षा कॉफीत कॅफीन जास्त, ते सोसत नाही तुम्हाला. पाणी प्या, बसा. चहा का नाही मागितला?"

"साहेबाला कॉफी शोभते गं."

"वांगजाब्योंग!" ती कोरियन मालिका बघते. तिकडे स्वतःला राजपुत्र समजणाऱ्याला असा 'राजपुत्राचा आजार' झाला म्हणतात म्हणे.

परत येऊन दोघांना खरं ते सांगितलं.

"कॉफीनं कुटं माणूस कापतो का?" महादेव म्हणाला. "आमी बी पिलोच की!"

"मग दांडा तुम्ही धरा."

"ह्यो एकटा? न्हाई!" म्हणत अण्णांनीही दांडा पकडला.

दोघं एकमेकांच्या हातावर डोळा ठेवून उभे राहिले. बबल मुकाट्यानं वर्तुळात बसला. खूण अण्णा म्हणत होते तिथे निघाली नाही, आणि महादेव म्हणत होता तिथेही नाही. पण दांडा दोघांनी धरलेला, आता भांडायचं कुणाशी? सह्या झाल्या.

निघताना दोन्ही दारांतून हाक आली, "साहेब, कॉफी?"

"चहा," मी म्हणालो. "अर्धा इकडे, अर्धा तिकडे."

तेव्हापासून बबल हलला, की मी यंत्राआधी स्वतःला तपासतो.