दोघींचं एकमत

पेशींचे फोटो बघून त्यांना खुणा लावायच्या, हे थोरल्या जावेचं काम. रंगाने उजळलेला पेशीचा गाभा पडद्यावर आला की ती ठरवायची: ही नुसती वाढतेय, हिची गुणसूत्रं मधोमध रांगेत आलीयत, की दोन बाजूंना ओढली जातायत. इतर जण डोळे बारीक करून एका फोटोवर अडून बसायचे, तोवर हिचे चार उरकलेले. प्रयोगशाळेत तिला ‘हेडमास्तरीण’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं.

धाकट्या जावेला तिनेच इथे चिकटवून दिलं होतं. मग थोरलीकडे राहणाऱ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि दोघींचं वाजलं. “तू येतेस पाहुणीसारखी, निस्तरायचं मी,” असं थोरली चारचौघांत बोलून गेली. तेव्हापासून अबोला. एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसायच्या; निरोप असला तर शिपायाच्या तोंडून.

अशात प्रयोगशाळेच्या मॅडमनी नवा नियम काढला. प्रत्येक फोटो दोघींनी वेगवेगळा बघायचा. खुणा जुळल्या नाहीत तर शेजारी बसून एकमत करायचं. आली का पंचाईत!

पहिल्याच फोटोत एक चकचकीत गोळा. थोरलीची खूण ‘मेलेली’, धाकटीची ‘विभाजन सुरू’.

“मेलीय ती,” थोरली पडद्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली. “आक्रसून गोळा झालाय, दिसत नाही?”

“दिसतंय. तिचाच थोड्या वेळानंतरचा फोटो बघितलात?”

“मला एकात कळतं.”

“हो, तुम्हाला सगळंच एकात कळतं.”

थोरलीने पुढचा फोटो उघडला. त्याच पेशीत गुणसूत्रं शिस्तीत रांगेत उभी. त्याच्या पुढच्यात दोन टवटवीत पेशी.

“अगं बाई! धडधाकट जिवाला मी पोचवलं की.”

धाकटीला हसू आवरेना. थोरलीलाही मग राहवलं नाही.

पुढच्या दोन फोटोंत थोरलीचंच खरं निघालं, धाकटीने मुकाट्याने खुणा बदलल्या. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “ताई, मी यायचे तेव्हा तुम्ही दारातच म्हणायचात, ‘झालंय सगळं.’ मला करायला ठेवायचात काय?”

“दुसऱ्यावर सोडवत नाही गं मला,” थोरली म्हणाली.

“मग आज सोडून बघा.”

संध्याकाळी सासूबाईंचं अंग पुसायला धाकटी आत गेली. थोरली बाहेर चुळबुळत बसली. पाणी फार गरम तर नाही ना, हे विचारायला दोनदा उठली, दोनदा बसली.

“हिचा हात हलका आहे गं,” आतून सासूबाईंचा आवाज आला.

थोरलीला ते झोंबलंच. पण कितीतरी दिवसांनी ती पाय पसरून बसली होती, आणि बसल्या जागी तिला डुलकी लागली.