सामाईक कातळ आणि दादाच्या गोगलगायी

दादा गेल्याची बातमी मला श्रीवर्धनच्या तहसील कचेरीबाहेर, मी लोकांचे अर्ज लिहितो त्या टेबलाशी मिळाली. एका पक्षकाराच्या वारसनोंदीसाठी वंशावळ लिहीत होतो. ती पूर्ण केली, अंगठा घेतला आणि मगच उठलो. याबद्दल भावकीत माझी निंदा झाली. तथापि, गेलेल्या माणसाविषयी गोडच लिहावे हा संकेत मला मान्य नाही. माझा हा चुलतभाऊ, निवृत्त विज्ञानशिक्षक, कमालीचा हट्टी होता आणि त्या हट्टाचे परिणाम मी भोगले आहेत.

खाडीलगतचा एक कातळ आम्हा दोघांच्या सामाईक नावावर आहे. तेथे घर बांधावे, म्हणजे पनवेलला नोकरीस गेलेला माझा मुलगा कुटुंबासह परतेल, अशी माझी योजना होती. मुलाने तसा शब्दही दिला होता. अडले ते केवळ दादाच्या संमतीवाचून. कारण काय, तर गोगलगायी... त्याचे म्हणणे असे की, आपल्या कातळावरच्या आणि खाडीपलीकडच्या गोगलगायी मूळच्या एकाच घराण्यातल्या. मध्ये पाणी आले, येणेजाणे खुंटले, पिढ्यानुपिढ्या बारीकसारीक फरक साठत गेले, आणि आता दोन्हीकडच्या एकत्र ठेवल्या तरी जोडी जमत नाही. म्हणजे एका जातीच्या दोन जाती झाल्या. त्यातली आपली जात या कातळाखेरीज कुठेच नाही, असे तो छातीठोकपणे सांगे.

वंशावळी लिहिण्यात माझी हयात गेलेली. त्याच्या ओटीवर बसून मी त्याला सुनावले, "मग माकडाला आपला मूळ पुरुष लिहू का, दादा?"

"आरं अर्जनवीसा, माकड तुझा आजा न्हाय, चुलतभाऊ हाय," तो सुपारी कातरत म्हणाला. "माझ्यासारखाच. मूळ पुरुष कवाच गेला."

"त्यो चुलतभाऊ बरा. सही तरी देईल."

ओटीवरची माणसे हसली. दादाही हसला. सही मात्र त्याने अखेरपर्यंत दिली नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर वहिनी आपणहून म्हणाल्या, "भावजी, कुठं सही करायची ती सांगा." मी त्याच दिवशी मुलाला फोन लावला.

"बाबा, मुलांच्या शाळा इकडे आहेत. आता आमचं सगळं इकडेच सेट झालंय," तो म्हणाला आणि त्याने फोन नातवाकडे दिला. मी आपल्या बोलीत त्याची पुष्कळ विचारपूस केली. पलीकडून नातवाने बापाला विचारलेले ऐकू आले, "आजोबा काय म्हणतायत?"

यास सर्वस्वी दादा जबाबदार आहे, हे मी येथे नमूद करतो.

त्याच्या पडवीत खिडकीशी काचेच्या दोन बरण्या आहेत. एकीत अलीकडच्या गोगलगायी, दुसरीत पलीकडच्या. परवा वहिनींनी विचारले, "जागा अडते हो. एकाच बरणीत घालू का सगळ्या?"

मी नको म्हणालो. अलीकडच्यांची बरणी घरी घेऊन आलो. रोज सकाळी तीत पाणी शिंपडतो, आणि शिंपडताना दादाला शिवी देतो.