नाल्याच्या तोंडाशी समुद्र

पन्नाशी उलटल्यावर मी पोहायला शिकले. एकटी नाही, नणंदेबरोबर. ती विठ्ठलवाडीला राहते, मी ठाण्याला कोपरीत. दोघींना सारखंच गैरसोयीचं पडावं म्हणून आम्ही मधलं डोंबिवली निवडलं आणि तिथल्या एका तरणतलावावर बायकांच्या सकाळच्या बॅचला नावं घातली. नणंद माझ्याहून मोठी, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. मधल्या सुट्टीतलं अख्खं मैदान एका हाकेत गप्प करणारा तिचा आवाज, पण पहिल्या दिवशी पाण्यात उतरल्यावर तोच आवाज असा चिरकला की कोचबाईंना हसू आवरेना.

मग एके दिवशी आम्ही दोघी न थांबता या टोकापासून त्या टोकाला पोचलो. मला वाटलं, आता घरी जाऊन शिरा करावा. नणंद मात्र काठाला धरून धापा टाकत म्हणाली, "आता समुद्र."

"काय?"

"समुद्र, अगं. या निळ्या फरशीवर किती दिवस येरझाऱ्या घालायच्या?"

तिला तसं वाटणं साहजिक होतं. माझ्या घरामागे खाडी, तिच्या घराजवळ वालधुनी. दोन्हीकडे पाणी भरपूर, पण बोट बुडवायची सोय नाही. तिच्याकडे नदीचा रंग दिवसागणिक बदलतो आणि माझ्याकडे वारा फिरला की लोक खिडक्या लावून घेतात. जन्मभर पाण्याशेजारी राहून आम्ही पाण्यात पाय टाकला तो तिकीट काढून.

कोचबाईंनी ऐकलं आणि आम्हाला आठवडाभर वेगळंच काही शिकवलं. हात मारायचे नाहीत, नुसतं पाठीवर झोपून तरंगायचं. "समुद्रात ओढ लागली तर किनाऱ्याकडे झटापट करत येऊ नका, दमाल. तरंगा, मग काठाला समांतर बाजूला सरका. आणि कोणी बुडताना दिसलं तर पोहत जवळ जाऊ नका. तो तुम्हालाही खाली नेईल. काहीतरी तरंगणारं फेका, मदत बोलवा." आम्ही माना डोलावल्या. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष नवीन कॉश्चुमच्या रंगाकडे होतं.

थंडी सरता सरता आम्ही ठाण्याहून सकाळची एसटी पकडली. किनारा अलिबागच्या पुढचा. सुट्टीला अर्धं ठाणं तिथेच असतं, म्हणून नाव लिहीत नाही. आमच्या पुढच्या सीटवर कळव्याचं एक कुटुंब होतं. नवरा, बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. मुलीच्या मांडीवर घडी घातलेली गुलाबी ट्यूब, हंसाच्या आकाराची. ती दर थोड्या वेळाने मागे वळून विचारायची, "आजी, समुद्र आला?" आणि नणंद तितक्याच उत्सुकतेने खिडकीबाहेर बघून सांगायची, "आला असता तर मी तुझ्याआधी उतरले असते!"

समुद्र दिसला तेव्हा त्या मुलीच्याही आधी मीच "आला!" म्हणून ओरडले. पण वाळूत उतरल्या उतरल्या नणंद थबकली. नाक वर करून म्हणाली, "हा वास मी ओळखते."

दोन रिसॉर्टच्या भिंतींमधून एक नाला वाळू कापत समुद्राकडे चालला होता. पाणी करडं, वर साबणाचा फेस. त्याच्या काठाने मुलं किल्ले बांधत होती. नाला जिथे समुद्राला मिळत होता तिथे लाटा फुटतच नव्हत्या. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे एक सपाट, गुळगुळीत पट्टा. बघणाऱ्याला वाटावं, घाबरट माणसांसाठी हीच जागा बरी.

चहाच्या टपरीवरच्या बाईंनी आमच्या टोप्या-गॉगल बघून आधीच सांगितलं, "तिथं नका उतरू बरं. घाण तर हायेच, वर वढ पण हाय. तो लाल बावटा बघा."

बावटा होता, पण काठीला गुंडाळून बसला होता. लाइफगार्ड दुसऱ्या टोकाला, सुरूच्या झाडांजवळ. आम्ही तिकडेच गेलो. त्यांनी वाळूत रोवलेल्या दोन दांड्यांच्या मधली जागा दाखवली. "इथेच राहा. कमरेच्या वर पाणी गेलं की मी शिट्टी मारणार. ओहोटी लागलीय."

"आम्हाला पोहता येतं," नणंद म्हणाली.

"मग शिट्टीही ऐकू येईल," ते म्हणाले.

आणि आम्ही उतरलो. काय सांगू! तलावातलं पाणी आपण ढकलू तसं हलतं. इथे पाण्यालाच काहीतरी करायचं होतं. पहिल्या लाटेने मला बसवलं, दुसरीने उठवलं, तिसरीवर मी चार हात मारले आणि ओरडले, "ताई, जमलं!" तोंड उघडल्यामुळे चौथी पोटात गेली. नणंद पाठीवर तरंगत होती, तिची पिवळी टोपी लाटेबरोबर वर-खाली होत होती आणि ती कोणालाही उद्देशून नव्हे तर आभाळाला सांगत होती, "अहो, मी समुद्रात आहे!"

बाहेर आलो तेव्हा बोटं सुरकुतली होती आणि दोघींचं हसणं थांबत नव्हतं. चहासाठी टपरीकडे निघालो, तेव्हाच किंकाळी ऐकू आली.

कळव्याच्या त्या मुलीची आई नाल्याजवळ गुडघाभर पाण्यात उभी होती. गुलाबी हंस सपाट पट्ट्यातून आत, खोल पाण्याकडे चालला होता. मुलगी त्यात बसून रडत होती. आणि तिचा बाप तिच्या मागे हातपाय झाडत गेलेला. त्याला नीट पोहता येत नाही हे लांबूनही कळत होतं.

"मी लाइफगार्डला आणते," एवढं म्हणून नणंद पळत सुटली. ओल्या कॉश्चुमवर टॉवेल, अनवाणी. तिची हाक सगळ्या किनाऱ्याला ऐकू गेली.

मी पाण्याकडे धावले. दोन पावलं टाकलीही होती. नुकतीच मी समुद्रात पोहले होते, अंगात जोर होता आणि तो माणूस फार लांब नाही असं वाटत होतं. पायाखालची वाळू सरकली, पाण्याने पोटऱ्यांना हिसका दिला आणि कोचबाई आठवल्या. मी थांबले. पोहता येत असून न जाणं इतकं अवघड असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

शेजारून त्याची बायको पुढे निघाली. मी तिला कमरेला मिठी मारून धरलं.

"सोडा मला! ते बुडतायत!"

"तुम्ही गेलात तर तिघं बुडाल. माझ्याबरोबर ओरडा. झोपा म्हणावं, पाठीवर!"

"अहो!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "अहो, पाठीवर झोपा! हात नका मारू!"

टपरीवरच्या बाई एव्हाना पळत आल्या होत्या. त्यांच्या हातात पाण्याचे दोन रिकामे कॅन होते, झाकणं घट्ट लावलेले. फेकून कुठवर जाणार? पण मला दिसलं, नाल्याचा फेस सरळ त्याच्याच दिशेने वाहत चालला होता. मी कॅन त्या फेसात सोडले. जी ओढ त्याला नेत होती तिनेच कॅनही नेले. पहिला त्याच्या बाजूने निघून गेला. दुसरा डोक्याजवळ पोचला. त्याने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि त्याचं तोंड पाण्याच्या वर आलं. काठावरचे सगळे एकदम ओरडले.

लाइफगार्ड आपला नारिंगी फ्लोट घेऊन पाण्यात शिरले ते माझ्या पाहण्यात आलंच नाही. दिसले तेव्हा ते मुलीजवळ होते. ट्यूबचा दोर त्यांनी दातात धरला, बापाच्या हाती फ्लोट दिला आणि सरळ किनाऱ्याकडे न येता दोघांना बाजूला, फुटणाऱ्या लाटांकडे नेलं. तिथून लाटाच त्यांना वाळूकडे ढकलत आल्या. मुलगी आईच्या गळ्यात पडली. बाप वाळूत ओणवा झाला आणि ओकला. काळपट पाणी.

"गटाराची चव आहे," तो म्हणाला आणि रडायला लागला.

लाइफगार्डनी तिघांना रिक्षाने सरकारी दवाखान्यात पाठवलं. नणंद अजून धापा टाकत होती. मला वाटलं, आता बसेल. पण ती तशीच टॉवेलवर एका रिसॉर्टच्या फाटकातून आत गेली. मी मागे.

"हा नाला तुमचा का?" तिने मॅनेजरला विचारलं.

"मॅडम, ते पावसाचं पाणी आहे."

"पाऊस गेल्याला किती महिने झाले? आणि तुमच्याकडे पावसाला शांपूचा वास येतो?"

आम्ही तिथून ग्रामपंचायतीत गेलो, टपरीवाल्या बाई आणि लाइफगार्डही आले. सरपंचबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. नंतरही नणंदेने त्यांना इतके फोन केले की शेवटी त्या "ताई, आज काय?" असं म्हणूनच फोन उचलायच्या. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा नाल्याच्या तोंडाशी दोर बांधलेला होता, डोळ्यात भरेल एवढा फलक होता आणि लाइफगार्डची खुर्ची त्या बाजूला आली होती. एका रिसॉर्टने सांडपाण्याची टाकी बांधायला घेतली होती. दुसऱ्याचा पाइप अजून वाहत होता. नणंदेने त्याचे फोटो काढले.

कळव्याचा तो गृहस्थ पोटाच्या दुखण्याने आठवडाभर बिछान्यात होता, मग सावरला. हे मला त्याच्या बायकोनेच सांगितलं. कुठे? डोंबिवलीच्या तलावावर; रिक्षात बसता बसता तिने आम्ही कुठे शिकलो ते विचारून घेतलं होतं. एका सकाळी ती मुलीचा हात धरून दारात उभी होती, नवी टोपी कानांवर ओढलेली.

"मला पण शिकवा," ती म्हणाली. "नुसतं उभं राहून ओरडायचं नाहीये परत."

"ओरडलात म्हणून तर वाचले," मी म्हटलं.

तिने बरेच दिवस काठाची दांडी सोडली नाही. मुलगी बाजूला माशासारखी सुळसुळत असायची, आणि ही दांडीला चिकटून. मग गेल्या आठवड्यात कोचबाईंनी तिच्या पाठीखालचा हात काढून घेतला आणि तिला ते कळलंच नाही. डोळे मिटून ती तरंगत होती.

"आई, कोणी धरलं नाहीये!" मुलगी ओरडली.

तिने डोळे उघडले, दचकली, नाकात पाणी गेलं, खोकली, आणि उभी राहून एवढ्या मोठ्याने हसली की सगळी बॅच टाळ्या वाजवायला लागली. नणंदेने तर शिट्टीच मारली.