ह्यांचं काय जातंय

मास्टरनं माझा पदर धरला, काठाला कात्रीनं एक चीर दिली आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडला. माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. कापड फाडताना दुकानदार गिऱ्हाइकाकडं तरी बघतो. मग वाकून मूठभर माती उचलली, माझ्या खांद्यावर चोळली आणि म्हणाला, "हं. पुढची."

मी सतरा वर्षांची होते. बहात्तरचा दुष्काळ, बेंबळीचं शिवार. अंगावर आईचं पांढरं लुगडं होतं.

आईनं दीक्षा घेतली त्या वर्षी घेतलेलं ते लुगडं. बुद्धपौर्णिमेला आणि जयंतीला ट्रंकेतून बाहेर निघायचं, संध्याकाळी घडी होऊन परत आत. मला ते कधी नेसायला मिळालं नव्हतं. त्या सकाळी आईनं स्वतःच्या हातानं नेसवलं. "फोटू निघायचाय तुझा. नीट जा," म्हणाली.

आमची चूक हीच. आम्ही तेव्हा खडी फोडायच्या कामावर होतो. मुकादम आदल्या दिवशी सांगून गेला होता की मुंबईकडचे सिनेमावाले आलेत, वीस बाया पाहिजेत, हजेरी इथलीच लागेल. काय नेसून यायचं ते कुणीच सांगितलं नाही. आम्हाला कॅमेरा माहीत होता तो उस्मानाबादच्या फोटो स्टुडिओतला. तिथं जायचं तर तोंड धुवून, भांग पाडून, असेल ते चांगलं नेसून जायचं. म्हणून सगळ्याच तशा गेलो. गावातल्या बायकांनी लग्नातले शालू काढले होते. एकीनं जावेची नथ मागून आणली होती. दिग्दर्शकानं आम्हाला बघून कपाळाला हात लावला. दुष्काळाचा सिनेमा होता त्यांचा, आणि समोर हे लग्नाचं वऱ्हाड. युनिटमधले लोक पोट धरून हसले.

मास्टर म्हणजे त्यांचा ड्रेस मास्टर. कलाकारांचे कपडे बघणारा. त्याच्याकडं फाटक्या लुगड्यांची एक पेटी होती, पण त्यात निघाली बाराच लुगडी. आम्ही वीसजणी. आठजणींचं काय करायचं? मास्टरनं कात्री काढली, तसा मुकादम पुढं झाला.

"गावातल्या बायांना हात लावू नका, बोंब हुईल. ह्या आठजणी म्हारवाड्यातल्या हायेत. ह्यांची फाडा. ह्यांचं काय जातंय."

झालं. गावातल्या बारा बायकांना चादरीचा आडोसा करून दिला, आत जाऊन त्यांनी पेटीतली लुगडी नेसली. आमची फाडली. उघड्या माळावर, रांगेत उभं करून, अंगावरच. कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही. हे सांगताना माझे कान आजही तापतात, आणि ते मास्टरच्या रागानं तापत नाहीत.

घरी गेले. आईनं पदर बघितला. मी रडत मास्टरचं, मुकादमाचं सांगायला लागले. तिनं थांबवलं.

"फाडलं कुणी ते नगं सांगू. तू काय केलंस ते सांग."

मी काही केलं नव्हतं.

आईनं सुईदोरा घेतला. फाटलेला भाग कापून टाकला आणि आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा धड तुकडा काढून तिथं जोडला. ह्याला दंड घालणं म्हणतात. आमच्याकडं फाटकं नेसून कुणी बाहेर पडत नाही, कितीही ददात असो. दोन विटक्या लुगड्यांचं एक करतात, पण अंग उघडं टाकत नाहीत. हे त्या सिनेमावाल्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांच्या मते गरीब म्हणजे फाटका.

दुसऱ्या दिवशी शूटिंगला गेले तर आम्ही आठहीजणी दंड घातलेल्या. एकमेकींशी बोललो नव्हतो. आठ घरांत आठ सुया चालल्या होत्या, एवढंच.

मास्टर पिसाळला. काल चित्र काढलं त्यात पदर फाटका, आज शिवलेला, मग पडद्यावर एकाच प्रसंगात हे कसं जुळणार? त्याला ते कंटिन्युटी म्हणतात. कालचं आज जसंच्या तसं दिसलं पाहिजे. मला तो शब्द तेव्हा शिव्यांसकट कळला. अडाणी, गावंढळ, अक्कल गहाण टाकलेल्या. आरडाओरडा ऐकून दिग्दर्शक आला. त्यानं माझ्या खांद्यावरची शिवण बघितली. हिरॉईनच्या अंगावरची मास्टरनं फाडलेली चिंधी बघितली. मग परत माझी शिवण. "कालचं सगळं परत घ्या," म्हणाला, "आणि हिचंही असंच करा."

हिरॉईनचं लुगडं मी केलं. तीन दिवस लागले. चहाच्या पाण्यात उकळलं, विटेनं घासलं, गुडघ्याशी विरवलं, कारण खडी फोडणारी बाई उकिडवी बसते आणि कापड तिथं आधी जातं. खांद्यावर विरवलं, पाटीचा भार तिथं असतो. मग दंड घातला. शाबासकी मास्टरला मिळाली. मला वाटलं, शिकतेय मी, आपल्यालाही मिळेल पुढं. काय भाबडी होते.

सिनेमा पुढं अणदूरच्या जत्रेत तंबूत लागला. बायकांच्या बाजूला आम्ही दाटीवाटीनं बसलो. माझं नाव येणार म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि नाव आलं की ओरडायचं असं पोरींनी ठरवलं होतं. वेशभूषा म्हणून मास्टरचं नाव आलं आणि गेलं. पोरी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, पुढं असेल. पुढं नव्हतं.

तरी मी चौदा वर्षं त्या मास्टरबरोबर काम केलं. का, असं कुणी विचारलं तर मला त्याचाही राग येतो. खडी फोडून बघा, मग विचारा. शिवाय मला ते काम आवडत होतं. कापड हातात घेतलं की हे कुणाच्या अंगावर किती वर्षं होतं, ते मला सांगता येतं. आमच्या भागात युनिट आलं की मास्टरचं पोस्टकार्ड यायचं आणि मी पिशवी उचलायची. गढ्या, किल्ले, देवळं, कोरड्या नद्या, जिथं म्हणेल तिथं. युनिटमध्ये माझं नाव लुगडंवाली. अगं ए लुगडंवाली. सिनेमातल्या कामगारांच्या युनियनचं कार्ड असतं, ते असलं की मुंबईलाही काम मिळतं, जेवणाच्या रांगेत हाकलून देत नाहीत. मास्टर दर वर्षी म्हणायचा, तुझी शिफारस करतो. शेवटी एकदा मी खनपटीलाच बसले, तेव्हा खरं बोलला. "बाई ड्रेसखात्यात नसते. केसांचं शीक, तिथं चालते बाई."

केसांचं काम रजिया करायची. उस्मानाबादची, माझ्याच वयाची. तिला कार्ड मिळालं का? नाही. बाई चालते ती मुंबईची. मी, रजिया आणि गयाबाई अशा आम्ही तिघी बहुतेक युनिटांत एकत्र असायचो. गयाबाई बेंबळीचीच, गावातल्या मराठ्याच्या घरातली विधवा. गर्दीत उभ्या राहणाऱ्या बायका गोळा करून आणायचं काम तिच्याकडं. ज्या दिवशी माझा पदर फाटला त्या दिवशी ती आडोशाच्या आत गेलेल्या बाराजणींत होती, आणि तोंडाला पदर लावून हसली होती. हे तिनंच मला सांगितलं, नऊ वर्षांनी, भाकरी खाता खाता. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. मग बोलले, कारण ती न सांगताही राहू शकली असती.

ऐंशीनंतर परत पाऊस गेला. परत दुष्काळाचे सिनेमे आले. आमचं तोंड सुकलं की त्यांचा धंदा पिकतो. ह्या वेळी युनिट ईट गावाला होतं. गयाबाईनं पंधरा बायका आणल्या. सांगूनसुद्धा त्यातल्या सहाजणी चांगलं नेसून आल्या. कोण ऐकतंय? फोटू निघायचा होता ना. एक पोर नवी नवरी होती, हळदीनंतरचं पहिलं पातळ तिच्या अंगावर. आमच्याच समाजाची. मला मावशी म्हणाली.

मास्टर आता म्हातारा झाला होता. पेटी परत अपुरी. चौदा वर्षांत त्याला चार लुगडी जास्त आणायची बुद्धी झाली नव्हती, कारण गरजच पडत नव्हती. त्यानं कात्री काढली आणि माझ्या हातात दिली.

"तू फाड. तू बाईमाणूस, त्यातून त्यांच्यातली. तुझ्या हातून फाडलं तर त्या मनाला लावून घेणार नाहीत."

मला आधी काही कळलंच नाही. कात्री हातात घेऊन त्या पोरीपुढं मी गेलेसुद्धा. ती हसत होती. मी पदर नीट करायला आलेय असं तिला वाटलं असावं, तिनं खांदा पुढं केला. तेव्हा चौदा वर्षं मी काय शिकले ते मला दिसलं. मास्टरला एक हात कमी पडत होता, तो मी झाले होते. मुकादमाचीसुद्धा आता गरज नव्हती.

मी कात्री पेटीवर ठेवली.

"मास्टर, मी फाडणार नाही. तुम्हीही फाडायचं नाही. आधी त्यांना विचारा. नको म्हणाल्या तर दुसरी लुगडी आणा, आणि नेसायला आडोसा करा. सगळ्यांना."

"तुला माणसात कुणी आणलं?" मास्टर म्हणाला.

"माणसातच होते. तुम्ही रांगेत उभं केलंत."

फार काही वीरश्री वगैरे नव्हती त्यात. गयाबाईनं बायकांना खूण केली आणि सगळ्यांना घेऊन माळावर जाऊन बसली. रजिया हिरॉईनच्या वेण्या घालत होती. एक झाली होती, दुसरी तशीच सोडून ती कंगवा पिशवीत टाकून आली. हिरॉईन एका वेणीवर बसून राहिली. दुपारपर्यंत कॅमेरा झाकून होता.

आम्ही जिंकलो वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी ट्रक पाठवून लांबच्या गावच्या बायका आणल्या. त्यांची फाडली की नाही, मला माहीत नाही. त्या दिवसापासून मला पोस्टकार्ड नाही. रजियाला नाही. गयाबाईच्या जागी कुणी बाप्या ठेवला म्हणे. दुसऱ्या मास्टर लोकांतही बातमी फिरली की त्या तिघी तोंडाळ आहेत.

मग आम्ही ठरवलं, सोसायटी काढायची. आमच्या जिल्ह्यात कशाची नाही सोसायटी? दुधाची आहे, सुताची आहे, उसाची आहे, मजुरांची आहे. मग सिनेमात राबणाऱ्या बायकांची का नको? युनिटला बाई पाहिजे तर सोसायटीकडं मागायची. काम काय, आडोसा कुठं, नाव कुठं येणार, ते आधी ठरवायचं. एकटीनं कुणी जायचं नाही. आणि पोरींना काम शिकवायचं. ते तर सुरूच केलंय. बाजारच्या दिवशी रजियाच्या ओसरीवर जमतो. ती केसांचं शिकवते, मी कापडाचं, गयाबाई भांडायचं. ईटची ती नवी नवरी चार यत्ता शिकलेली निघाली. कुणाच्या कोणत्या हातात किती बांगड्या, पदर कोणत्या खांद्यावर, हे ती वहीत असं उतरवते की मास्टरनं बघत राहावं. तिला काम कोण देणार, ते मात्र अजून कुणाला माहीत नाही.

नोंदणीसाठी सहकाराच्या ऑफिसात आम्ही तिघी तीनदा गेलो. तिथले साहेब पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा आमच्या घरच्या पुरुषांची संमती मागितली. गयाबाई म्हणाली, "माझा तर वर गेलाय, तिथं जाऊन आणू का?" तिसऱ्या वेळी ते समजुतीनं बोलले. अर्जात उद्देश म्हणून एक रकाना आहे, त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"सिनेमा वगैरे लिहू नका, बाई. बायकांची संस्था म्हणजे पापड, शेवया. पापड लिहा, उद्या मंजूर करून देतो."

रजियानं माझ्याकडं बघितलं. लिहून टाकू, नंतर पाहिजे ते करू, असं तिच्या तोंडावर होतं. खरं सांगते, माझ्याही मनात आलं. तीन खेपा झाल्या होत्या, एसटीला उभं राहून पाय सुजले होते, आणि एका शब्दात शिक्का मिळत होता.

मी अर्ज परत घेतला.

सोमवारी चौथ्यांदा जाणार आहे. ह्या वेळी तिघी नाही, ओसरीवरच्या सगळ्या. त्या रकान्यात मी माझ्या हातानं लिहिलंय: आम्ही सिनेमात काम करतो. साहेब खोडतील. मी परत लिहीन. पापड लिहिणार नाही.