दादाचे सीझन

दुबईत, देऱ्यातल्या ऑफिसात मी एका शिपमेंटच्या मेलला उत्तर लिहीत बसले होते, तेव्हा मेघनावहिनीचा फोन आला. ती रडत नव्हती. "शुभा, हॉस्पिटलमध्ये ये. घाई करू नकोस, सावकाश ये," एवढंच म्हणाली. त्या 'घाई करू नकोस'मधूनच मला सगळं कळलं. खाली येऊन टॅक्सी पकडली, शारजाच्या दिशेनं रस्ता नेहमीसारखा तुंबलेला होता. पेशावरकडच्या त्या टॅक्सीवाल्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं, रेडिओ बंद केला आणि "कौन है, बहन?" असं विचारलं. "बडा भाई," मी म्हटलं. 'है' म्हणायचं की 'था', ते ठरवता येईना... म्हणून वाक्य तिथंच सोडलं.

माझा मोठा भाऊ सुहास जाऊन आता काही आठवडे झाले. फुप्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार होता त्याला. नाशिकहून सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन तो इकडे आला आणि शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका ग्रॅनाइटच्या यार्डात लागला, तो शेवटपर्यंत तिथंच राहिला. ब्राझीलहून खोलीएवढे दगड जहाजानं यायचे, यार्डात त्यांच्या लाद्या कापल्या जायच्या आणि मग त्या कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या लिफ्टसमोर बसायच्या. धुळीनंच असं झालं का, हे डॉक्टरांनी ठामपणे कधी सांगितलं नाही, आणि दादानंही कधी विचारलं नाही. माझ्या नवऱ्याला इथली नोकरी त्यानंच बघून दिली, शारजातल्या अल नहदामध्ये आपल्याच टॉवरमध्ये दोन मजले खाली आम्हाला फ्लॅट मिळवून दिला. सामान वर चढवताना म्हणाला होता, "आता भांडण झालं की माहेरी जायला लिफ्ट आहे तुला."

दगड निवडायला कंपनी त्याला दर वर्षी ब्राझीलला पाठवायची. डोंगरातल्या मोंतारा नावाच्या गावाजवळ खाणी होत्या. पहिल्याच खेपेला तिथं इतका पाऊस लागला की खाण बंद, आणि दादा हॉटेलात अडकलेला. तेव्हा खाणीचा एजंट वाल्दीर, दादाच्याच वयाचा एक बोलघेवडा माणूस, त्याला म्हणाला, चल, मॅच बघू. गावाचा क्लब होता, मोंतारेन्से. हिरवे-काळे पट्टे. खेळणारे निम्मे खाणीतलेच, बघणारेही खाणीतलेच. क्रिकेटपलीकडे काही न कळणारा माझा भाऊ चिखलात बरबटलेली ती मॅच छत्रीखाली उभा राहून बघत होता, आणि शेवटच्या मिनिटाला गोल झाला तेव्हा एका अनोळखी म्हाताऱ्यानं त्याला मिठी मारून दोन्ही गालांचे मुके घेतले. "आपल्या वडिलांनी मला कधी जवळ घेतलं नाही गं," परत आल्यावर तो मला म्हणाला, "आणि तो बाबा मला सोडायलाच तयार नव्हता."

झालं. तेव्हापासून मोंतारेन्से आमच्या घरात आला. तिकडे म्हणे आधी राज्याराज्यांच्या स्पर्धा होतात आणि त्याच्यावर देशाच्या लीगच्या चार पायऱ्या असतात, सगळ्यांत खाली डी आणि सगळ्यांत वर ए. मोंतारेन्से तेव्हा राज्याच्याही दुसऱ्या फळीत होता. दादा एकेक सीझन सांगायचा तो आमच्या घरातल्या गोष्टींना धरूनच. ओजस झाला त्या वर्षी क्लब राज्याच्या पहिल्या फळीत आला. मी लग्न करून शारजात आले त्या वर्षी तिथून पडता पडता वाचला. आमचे बाबा गेले त्या वर्षी गोलकीपरचा हात मोडला आणि बचावातल्या एका पोराला उरलेली मॅच गोलमध्ये उभं राहावं लागलं. वहिनीची शाळेतली नोकरी सुरू झाली तेव्हा क्लबनं पहिल्यांदा डीमध्ये पाय ठेवला, पुढच्याच वर्षी लाजिरवाणं हरून बाहेर आला, पुन्हा गेला. तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची, आम्ही सगळे दादाकडे जेवायला. आमटी-भात कालवता कालवता हे सुरू व्हायचं. वहिनी म्हणायची, "लागली पोथी. शुभा, तू वाढून घे, आज अध्याय मोठा दिसतोय." तिनं कधीच मन लावून ऐकलं नाही. आम्हीही निम्मं हसण्यावारीच न्यायचो. ऐकायचा तो एकटा ओजस.

ओजसला हे वेड लहानपणीच लागलं. तिकडच्या रात्रीच्या मॅचेस इथं पहाटे येतात. बापलेक हॉलमध्ये लॅपटॉपपुढे, आवाज बारीक करून, एकाच शालीत बसलेले असायचे. कॉमेंट्री ऐकून ऐकून पोरानं पोर्तुगीज उचललं. दादा मराठीत विचारायचा, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि वाल्दीरचा फोन आला की दोघंही पोर्तुगीजमध्ये ओरडायचे. वाल्दीर ओजसला 'मोंतारेन्सेचा अरब' म्हणायचा. ओजस अकरावीत असताना क्लब सीमधून बीमध्ये चढला. त्या सकाळी दादानं ऑफिसात पेढे वाटले. कशाचे, असं मॅनेजरनं विचारलं, तर म्हणे, "घरात शुभकार्य आहे." आणि बारावीच्या वर्षी हा खाणीतल्या लोकांचा क्लब चक्क ए डिव्हिजनच्या दाराशी जाऊन उभा राहिला. सगळं शेवटच्या मॅचवर आलं होतं, आणि ती मॅच मोंतारात होती.

"बाबा, लेट्स गो. प्लीज. हे पुन्हा कधी होणार?" ओजस मागे लागला होता. मी समोर बसून कोथिंबीर निवडत होते, म्हणून मला आठवतंय.

"बोर्डाची परीक्षा आहे राजा. पुढच्या वर्षी जाऊ. ए डिव्हिजनची मॅच बघू, ती बघण्यात खरी मजा."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस. वाल्दीरला सांगून ठेवतो."

ती मॅच बरोबरीत सुटली. एक गोल कमी पडला. ओजस दिवसभर खोलीतून बाहेर आला नाही. संध्याकाळी आला, बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नेक्स्ट इयर, बाबा."

जानेवारीत इथं धुकं पडतं. मित्राच्या वडिलांच्या गाडीतून ओजस सकाळी दुबईला क्लासला निघाला होता. हायवेवर पुढचं काही दिसत नव्हतं आणि एकामागून एक गाड्या आदळत गेल्या. पुढे बसलेले दोघं वाचले. ओजस मागे बसला होता... त्याबद्दल मी याहून जास्त लिहू शकत नाही. पोलिसांनी दिलेल्या त्याच्या फोनवर दिवसभर मेसेज येत होते, कारण त्याच आठवड्यात राज्यस्पर्धा सुरू झाली होती आणि वाल्दीर त्याला टीम कळवत होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

अस्थी नाशिकला रामकुंडात सोडल्या. परत आल्यावर दादा कामाला लागला, पण घरात तो कुणाशी बोलेना. पहाटेच्या मॅचेस मात्र त्यानं एकही चुकवली नाही. हॉलमध्ये एकटा बसायचा. वहिनी आतून दार लावून घ्यायची. त्या वर्षी क्लब बीमधून खाली आला. मी विचारलं तर म्हणाला, "खाली आले." बस. पुढच्या सीझनला सीमधला तळ गाठला, त्याच्या पुढच्या वर्षी डीमध्ये. चांगली पोरं मोठ्या क्लबांनी केव्हाच उचलून नेली होती. जेवणाच्या टेबलावरची पोथी बंद झाली. मला वाटायचं, तो हे बघतो तरी कशाला? एकदा न राहवून विचारलंच. "ओजस असता तर त्यानं बघितलं असतं ना," तो म्हणाला. "मग कुणीतरी बघायला नको?"

मधे तो दगड निवडायला मोंतारात जाऊन आला होता. तिथं त्यानं काय केलं, ते आम्हाला खूप उशिरा कळलं. ओजसच्या वाढदिवसाला वाल्दीरनं एक फोटो पाठवला आणि तो दादाच्या फोनवर वहिनीनं पाहिला. मैदान, गोलची जाळी, तिच्यामागे गवतावर पांढरी फुलं, आणि खाली ओजसचं नाव. वहिनीनं मला वर बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा दादा खुर्चीत बसला होता आणि ती समोर उभी होती.

"हिलाही सांग. सांग, तू काय केलंस ते."

दादा खाली बघत म्हणाला, "चिमूटभर ठेवल्या होत्या. अस्थी. तिथं गोलमागे मातीत ठेवून आलो."

"मला न विचारता? माझा मुलगा तू त्या परक्या देशात, लोकांच्या पायाखाली ठेवून आलास?"

"पायाखाली नाही, मेघना. गोलमागे कुणी चालत नाही."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस." मग म्हणाला, "त्याला नेईन म्हणून शब्द दिला होता गं मी. परीक्षेचं काढून थांबवलं. मीच थांबवलं..."

वहिनी आत निघून गेली. त्यानंतर त्या घरात दोन माणसं एकमेकांना चहा देत होती, औषधांची आठवण करत होती, भांडतही नव्हती. पण ओजसचं नाव दोघंही एकमेकांसमोर घेत नव्हती. असं काही वर्षं चाललं. खोकला दादाला त्याच काळात लागला. आधी एसीचा म्हणून सोडून दिला, मग जिना चढताना दम लागायला लागला, मग बसल्या जागी. शेवटच्या वर्षी ऑक्सिजनची नळी लावूनच असायचा. यार्डातली माणसं भेटायला यायची, "यल्ला, सुहासभाई, जल्दी ठीक हो जाओ" म्हणायची, आणि लिफ्टजवळ जाऊन डोळे पुसायची.

मोंतारेन्से तोवर राज्याच्या दुसऱ्या फळीत परत आला होता, जिथं दादाला तो पहिल्यांदा भेटला तिथंच. आणि या वर्षी त्यांनी टीमच उतरवली नाही. वाल्दीरनं, आम्हालाही कळावं म्हणून, मोडक्या इंग्रजीत भलामोठा व्हॉइस मेसेज पाठवला. क्लब चालवणं कुणालाच झेपत नव्हतं, मैदान विकलं, तिथं गोदाम होणार, पावसाळा संपला की काम सुरू. दादानं तो मेसेज माझ्यासमोर ऐकला. नळीतून येणाऱ्या हवेचा तेवढा आवाज. मग त्यानं माझं मनगट धरलं.

"शुभू, वाल्दीरला फोन लाव. म्हणावं, गोलमागची थोडी माती काढून ठेव. डावीकडच्या खांबामागची. पिशवीभर पुरे."

"आणि मग?"

"मेघनाला दे. तिच्याजवळ असू दे." दम घेऊन म्हणाला, "तिचा होता तो... मी न विचारता नेला."

वाल्दीर आता थकलाय, गुडघे गेलेत. तरी फोनवर म्हणाला, उद्याच जातो. पण गेला तर फाटकाला कुलूप. राखणदार आत सोडेना. तो दुसऱ्या दिवशी परत गेला, मग गावातल्या कुणा मोठ्या माणसाला घेऊन गेला. दादा रोज डोळ्यांनी विचारायचा आणि मी म्हणायचे, "प्रयत्न करतोय तो, होईल." तो हसायचा. "इन्शाल्ला," म्हणायचा. पुढे त्याला हॉस्पिटलात हलवलं.

वाल्दीरचा निरोप आला तो आम्ही स्मशानातून परत आलो त्या दुपारी. त्याला दादा गेल्याचं अजून कळवलेलं नव्हतं. सोबत छोटा व्हिडिओ होता. मशिनरी आत शिरली होती, गोलचे खांब आडवे पडले होते, सगळं मैदान दोन-तीन हात खोल उकरलेलं. माती ट्रकमधून कुठं नेली, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. "सुआस, मला क्षमा कर," वाल्दीर रडत म्हणत होता. मी वहिनीला सगळं सांगितलं. दादानं काय मागितलं होतं तेही, आणि ते जमलं नाही हेही. तिनं फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "मला म्हणायचं ना त्यानं. माती कशाला हवी होती? नुसतं म्हणायचं."

वहिनीला इथं आणखी काही काळ राहता आलं असतं, पण तिला नको होतं. नाशिकला भावाजवळ जायचं तिनं ठरवलं. मागच्या शनिवारी सकाळी मी तिला आवरायला मदत करत होते. भांडी कागदात गुंडाळून खोक्यात भरत होतो. पडदे काढल्यामुळे हॉल उघडाबोडका, आणि समोरच्या टॉवरच्या काचांवरचं ऊन थेट आत आलेलं. मधेच ती जमिनीवर बसली, पाठ भिंतीला टेकली आणि म्हणाली, "शुभा, तो क्लबचं काय काय सांगायचा ते तुला पाठ आहे ना? मी कधी ऐकलंच नाही. सांग मला. पहिल्यापासून."

मी सांगायला लागले. पाऊस, छत्री, मुके घेणारा म्हातारा. ओजस झाला ते वर्ष. माझ्या लग्नाचं वर्ष. मोडक्या हाताचा गोलकीपर. ती मधेच विचारायची, "तेव्हा ओजस केवढा होता? चालायला लागला होता?" आणि मग स्वतःच, "हो, लागला होता. त्याच वर्षी टेबलाचा कोपरा लागला होता त्याला." क्लब डीमध्ये गेला, बाहेर पडला, पुन्हा गेला, सीमध्ये चढला. पेढ्यांचं सांगितलं तेव्हा तिला हसू आलं. खूप दिवसांनी ऐकलं ते मी. मग बीमधलं ते बारावीचं वर्ष. एकापाठोपाठ एक जिंकलेल्या मॅचेस, हॉलमधल्या पहाटा, गुणतक्त्यात वर वर सरकत गेलेलं नाव. "आणि मग शेवटची मॅच आली," मी म्हणाले, "मोंतारात. सगळं गाव मैदानावर..."

वहिनीनं माझ्या हातावर हात ठेवला.

"बस," ती म्हणाली. "इथंच थांब. पुढचं नको सांगूस."

मग ती उठली, आणि आम्ही उरलेली भांडी भरायला घेतली.